नस दबली, नस चढली, नस ब्लॉक: एका उजव्या हाताची केस

केस कोपरखैरण्याची आहे. बाई पन्नाशीच्या जरा अलीकडच्या, सासर-माहेर दोन्ही पाटण तालुक्यातलं, नवरा वाशीच्या एपीएमसीत माथाडी, मुलगा महापेला एका कंपनीत सपोर्टला, आणि ह्यांचं स्वतःचं घराखालच्या गाळ्यात पोळीभाजी केंद्र. ओळखू येऊ नये म्हणून घरचे तपशील थोडे बदललेत, हाताचे जसेच्या तसे ठेवलेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिकमध्ये त्यांना काकू म्हणते तर इथेही काकूच.

तक्रार उजव्या हाताची, वर्ष उलटून गेलेलं. फाईल एवढी जाड की आधी वाटलं घरातल्या दोघातिघांची एकत्र आणलीय. आत हाताचा कलर डॉपलर, मानेचा एमआरआय, मेंदूचा सीटी स्कॅन, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि बी-१२ च्या लाल गोळ्यांची रिकामी पाकिटं (ती का जपून ठेवली होती देव जाणे). डॉपलर नॉर्मल, सीटी नॉर्मल, एमआरआयमध्ये वयाच्या मानाने चालतं तेवढं. हात मात्र होता तसाच. निदान अवघड अजिबात नव्हतं, आमच्या कॉलेजच्या थर्ड इयरच्या पोरानं पण केलं असतं, फक्त तिथपर्यंत पोचायच्या आधी जो वेळ आणि पैसा गेला तो जवळजवळ सगळा एका शब्दानं खाल्ला, आणि तो शब्द म्हणजे नस.

सुरुवात अशी झाली की काकू घरी म्हणाल्या हाताची नस दबल्यासारखी वाटतेय, रात्री हात जड होतो. मुलानं मोबाईलवर शोधलं, हिंदी व्हिडिओ निघाले, त्यात सगळीकडे नस ब्लॉक, नस ब्लॉक. म्हणजे रक्त अडकलंय असा त्याचा समज झाला, घराजवळच्या डॉक्टरांकडे जाऊन तो म्हणाला हिच्या हाताच्या नसा चेक करायच्यात, आणि तिथून डॉपलर. आता डॉपलर बघतो रक्तवाहिन्या, धमन्या आणि शिरा, त्यात रक्त नीट वाहतंय का ते. मज्जातंतूचा, म्हणजे संवेदना आणि हालचालीचे निरोप नेणाऱ्या तारेचा, आणि त्याचा काही संबंध नाही. रिपोर्ट हातात देताना तिथल्या माणसानं सांगितलं, नसा एकदम क्लिअर आहेत. त्यानं खोटं नाही सांगितलं हो, त्याच्या मशीनला दिसणाऱ्या नसा खरंच क्लिअर होत्या. पण घरी त्याचा अर्थ झाला की नसेचा प्रॉब्लेम नाही, मग हाडाचा असेल, नाहीतर विकनेस असेल, झालं, कॅल्शियम चालू.

आपल्याकडे नस म्हणजे किमान तीन गोष्टी. सलाईन लावताना सिस्टर म्हणते नस सापडत नाहीये, ती रक्ताची शीर. सायटिकाची नस म्हणतो ती नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू. आणि पायाची नस चढली, मानेची नस आखडली म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो नुसता स्नायू असतो, गोळा आलेला, वांब आलेला. ह्यात आपलाच दोष आहे असंही नाही. ग्रीक लोकांचा न्यूरॉन हा शब्द मुळात धनुष्याच्या दोरीसाठी, तातेसाठी, स्नायूच्या टोकाला हाडाशी बांधणाऱ्या दोरीसाठी होता, पांढरं आणि दोरीसारखं जे काही दिसेल ते न्यूरॉन. ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपास अलेक्झांड्रियात हीरोफिलस नावाच्या ग्रीक वैद्यानं प्रेतं उघडून बघितली तेव्हा कुठे नर्व्ह वेगळी आणि तात वेगळी असं नीट झालं. आजही पोटाच्या स्नायूंच्या चपट्या पांढऱ्या पडद्याला ॲपोन्यूरोसिस म्हणतात, नावात न्यूरो आहे आणि नर्व्हशी घेणंदेणं काही नाही, जुन्या गोंधळाची निशाणी राहून गेलीय. आणि आपला स्नायू घ्या, मराठीत तो मसल, बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी. आमच्या बिल्डिंगमधल्या बंगाली वहिनी स्नायूचा त्रास म्हणाल्या तर मी शेकायला सांगून मोकळी व्हायची.

डॉपलरनंतर गावची जत्रा आली. तिकडे एक नस बसवणारे आहेत, त्यांनी तेल लावून मनगट ओढलं, चोळलं, दोन दिवस बरं वाटलं आणि मग होतं त्यापेक्षा जास्त. ह्यावर जास्त लिहीत नाही, सुजलेल्या जागी अंगठ्याने जोर देऊन चोळलं तर काय होणार.

मग ती रात्र. काकू दोन-अडीचला दचकून उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हात गेला माझा." आता आपल्याकडे हात गेला ह्याचा अर्थ काय होतो सांगायला नको. अंगावरून वारं गेलं, लकवा मारला. काकांच्या सख्ख्या भावाला तसंच झालेलं, त्यामुळे त्यांनी एक मिनिट घालवला नाही, रिक्षा काढली आणि इमर्जन्सीला नेलं, तिथे सीटी झाला, मेंदूत काही नाही. इथे मला काकांना शंभर टक्के मार्क द्यायचेत. अचानक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं तर विचार करत बसायचंच नाही, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. फक्त काकूंचा हात लुळा नव्हता पडला. नंतर मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की हात उचलता येत होता, बोटं हलत होती, जाणीव गेलेली, आणि झटकून झटकून पाच-दहा मिनिटांत परत आली, म्हणजे रिक्षा मिळेपर्यंत हात बरा पण झालेला, पण काका काही ऐकेनात. हात गेला ह्या दोन शब्दांत ताकद गेली आणि संवेदना गेली हे दोन्ही बसतं, आणि न्यूरॉलॉजीत ही दोन वेगळी गावं आहेत.

तिथल्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की नर्व्हचा प्रॉब्लेम असू शकतो, दाखवून घ्या. पहिल्यांदा कोणीतरी बरोबर बोललं! पण काकांनी ऐकलं नर्व्हस. ते माझ्याकडे आले तेव्हा पहिलं वाक्य हेच, "मॅडम, ही काय नर्व्हस वगैरे नाहीये, पहाटे चारला उठून कणीक मळते, हिला खरंच दुखतंय." माणूस दुखावलेला होता, त्याला वाटत होतं की बायकोला वेडी ठरवतायत. इंग्रजीनंच हा घोळ करून ठेवलाय, नर्व्ह म्हणजे मज्जातंतू आणि नर्व्हस म्हणजे घाबरलेला, आणि आपण त्यातला दुसरा तेवढा मराठीत घेतला, पेपरच्या आदल्या दिवशी पोरं नर्व्हस असतात. म्हणून मी पेशंटसमोर नर्व्ह हा शब्द एकटा सोडतच नाही, हाताची नर्व्ह, मनगटातली नर्व्ह, असा जागेला बांधूनच.

मधल्या काळात मानेचा एमआरआय झालेला आणि त्यात एका मणक्याची गादी थोडी सरकलेली. ह्या वेळी मणक्यात नस दबलीय असं सांगितलं गेलं, नस म्हणजे नर्व्ह हा अर्थ एकदाचा लागला पण पत्ता चुकला. गंमत अशी की ह्या वयात मानेचा एमआरआय काढला तर काही न दुखणाऱ्या माणसाचीही गादी थोडी सरकलेली दिसते, त्यामुळे रिपोर्ट खरा असूनही कारण तेच असेल असं नाही. पण गळ्याला पट्टा आला. पट्टा लावून पोळ्या लाटायच्या म्हणजे खाली परातीकडे बघता येत नाही, काकू अंदाजाने लाटत होत्या, आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं पोळ्या जाड यायला लागल्यात.

माझ्याकडे आल्यावर पण तेच, नस अशी, नस तशी. मी म्हटलं काकू, नस हा शब्द आपण जरा बाजूला ठेवू, मला फक्त सांगा काय होतं, कुठे होतं, कधी होतं आणि काय केलं की बरं वाटतं. आणि मग जे मराठी ऐकायला मिळालं ना, ते माझ्या टेक्स्टबुकपेक्षा सरस होतं.

"मुंग्या येतात. आधी मुंग्या, मग झिणझिण्या, मग पार मेल्यागत होतो. झोपेत जास्त. उठून असा झटकला की येतो जाग्यावर." आणि असा म्हणताना त्यांनी मनगट खाली सैल सोडून थर्मामीटर झटकतात तसा हात झटकला. ही झटक बघितली की अर्धं निदान तिथेच, आमच्यात त्याला फ्लिक साइन म्हणतात. मी त्यांना झटकून दाखवा म्हटलेलं नव्हतं हे महत्त्वाचं.

मग मी पेन दिलं आणि म्हटलं तुमच्याच हातावर रेघ मारा, कुठपर्यंत मुंग्या. त्यांनी अंगठा, तर्जनी, मधलं बोट असं गोल गोल रंगवत आणलं आणि चौथ्या बोटाला थांबल्या. बराच वेळ दुसऱ्या हाताच्या नखानं दोन्ही बाजू खाजवून बघितल्या आणि मग बोटाच्या बरोब्बर मधून वरून खाली सरळ रेघ ओढली. म्हणाल्या, "हिकडची बाजू बधिर, तिकडची चांगली. असं असतं का हो अर्धं बोट?" असतं! अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंत मीडियन नर्व्ह, उरलेली अर्धी अनामिका आणि करंगळी अल्नर नर्व्ह. मानेत दबली असती तर एकाच बोटाची अशी मधोमध वाटणी सहसा होत नाही. शरीरशास्त्राचं पान न उघडलेल्या बाईने बॉलपेननं ॲनाटॉमीचं चित्र काढून दाखवलं. करंगळीला काही होतं का विचारलं तर म्हणाल्या करंगळी बिचारी शहाणी आहे.

इथे मला जे वाटतं ते सांगते. शरीराच्या आतल्या वस्तूंच्या नावांना मराठी गरीब आहे, किंवा गरीब नाही पण नावं लोकांच्या तोंडात नाहीत. शाळेच्या पुस्तकात चेतापेशी, चेतासंस्था, मेरुरज्जू आहे, पेपरात मज्जासंस्था, मज्जातंतू आहे, आणि घरात नुसती नस. पण जाणवतं काय ह्याला शब्द इतके आहेत की बस. मुंग्या वेगळ्या, झिणझिण्या वेगळ्या, बधिर वेगळं, जड वेगळं. कळ येते, सणक जाते, चमक भरते, ठणका लागतो, आग होते, करंट बसतो. आणि ह्यातल्या बऱ्याच शब्दांना क्लिनिकमध्ये वेगवेगळी दिशा आहे. मुंग्या, झिणझिण्या, करंट, आग हे म्हटलं की माझा कान नर्व्हकडे जातो. ठणका म्हटलं की आत सूज किंवा पू असेल का बघते. चमक आणि उसण बहुतेक पाठीच्या स्नायूची. तळपाय दोन्हीकडे सारखे बधिर आणि चप्पल कधी पायातून निघाली कळत नाही असं म्हटलं की आधी शुगर विचारायची. हे सगळं पेशंट स्वतःहून सांगत असतो आणि आपण मध्येच तोडून विचारतो, म्हणजे नस दबलीय का? झालं, तो म्हणतो हो.

मुंग्यांचं तर असं आहे की त्या फक्त आपल्याकडे नाहीत. १९१५ मध्ये फ्रान्सच्या जूल तिनेल ह्या डॉक्टरनं पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरून एक खूण लिहून ठेवली, दुखावलेल्या नर्व्हवर हलकी टिचकी मारली की पुढच्या भागात फुर्मियमाँ होतं. फुर्मी म्हणजे फ्रेंचमध्ये मुंगी. म्हणजे जगभर ज्याला तिनेल साइन म्हणतात तिचं मूळ नाव मुंग्यांची खूण. मी काकूंच्या मनगटावर टिचकी मारली आणि त्या म्हणाल्या, "आल्या." कोण आल्या ते विचारायची गरज पडली नाही. मग फेलन टेस्ट, दोन्ही मनगटं खाली वाकवून हाताच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायचं, त्यांना अर्ध्या मिनिटातच मधल्या बोटात सुरू झालं. मान सगळीकडे वळवून बघितली, हातात काही उतरत नव्हतं. अंगठ्याच्या बुडाशी जी मांसाची गादी असते ती डाव्या हाताच्या मानाने किंचित बसलेली, ते मला आवडलं नाही, कारण मुंग्या म्हणजे संवेदनेच्या तारा कुरकुरतायत पण गादी बसणं म्हणजे स्नायूला जाणाऱ्या ताराही उपाशी राहायला लागल्यात.

कार्पल टनेल सिंड्रोम. समजावताना मी म्हटलं, मनगटात एक बोगदा आहे, खाली हाडं आणि वरून एक जाड पट्टा, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नर्व्ह जाते. सकाळची ठाण्याहून वाशीला येणारी लोकल आठवा, नऊ जण दप्तरं घेऊन चढलेत आणि दहावी तुम्ही, दप्तरं फुगली की चेंगरणार कोण? काकू म्हणाल्या मीच. काका म्हणाले, मग लाटणं बंद का? तेवढ्यानं लाटण्याला दोष देता येत नाही. मळणं आणि लाटणं त्रास वाढवतं हे खरं, पण बायकांमध्ये हा आजार तसाही जास्त, डायबेटिसमध्येही जास्त दिसतो, आणि गरोदरपणात, थायरॉईड कमी असताना बोगद्यात पाणी धरून जागा कमी होते. म्हणून फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी दिली, रक्त आणि नर्व्ह कंडक्शन टेस्ट दोन्हीसाठी.

टेस्टवरून परत गोंधळ. काकूंना सांगितलं मज्जातंतूची टेस्ट आहे, भाचीनं दहावीच्या अभ्यासातून आणखी ज्ञान दिलं, आणि काकूंनी मज्जा एवढंच पकडलं. ओळखीत कोणाची तरी मज्जेची तपासणी झालेली, कमरेच्या हाडातून, आणि तो माणूस ब्लड कॅन्सरने गेलेला. रात्री मला मुलाचा फोन, आई रडतेय. खरंय ना, रस-रक्त-मांस-मेद करत आयुर्वेदात जी मज्जा येते ती हाडातली, बोन मॅरो, आणि मज्जासंस्थेतली मज्जा वेगळी, आणि तिसरी मज्जा म्हणजे पोरं लोणावळ्याला करतात ती. म्हणून मी ह्या टेस्टला सरळ करंटची टेस्ट म्हणते. कानाला बरं नाही वाटत, पण हातावर छोटे करंटच देतात, चटके बसतात, आणि सिग्नल किती वेळात पोचला ते मोजतात. निरोगी हातात सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त. हात गार असेल तर वेग कमी येतो म्हणून एसी रूममध्ये आधी हात गरम करून घेतात, काकूंना वाटलं मालिश पण करतात वाटतं.

रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे, कोपर ते मनगट वेग छान, मनगट ओलांडताना उशीर, करंगळीची नर्व्ह ठणठणीत, ग्रेड मॉडरेट. आणि थायरॉईड निघाला. (निघाला असं म्हणतात लोक, जसा काही आधी नव्हताच. कमी काम करत होता एवढंच.)

रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, थायरॉईडची गोळी, कणीक मळायचं मशीन हप्त्यावर, गळ्याचा पट्टा माळ्यावर. काही आठवड्यात रात्रीचं उठणं खूप कमी झालं. पण अंगठ्याची गादी भरेना आणि चिमूट लागेना, भाजीत मीठ टाकताना सांडायचं, ब्लाऊजचं हूक सुनेला लावायला लागायचं. हँड सर्जन म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही, छोटा कट देऊन नस मोकळी करू.

घरी काय पोचलं असेल? नस कापणार. काकांनी दोन दिवस फोन घेतला नाही. मग क्लिनिकवर आले आणि म्हणाले, "मॅडम, नस कापल्यावर हात राहतो का?" मी कागदावर बोगदा काढून दाखवला, कापायचा तो वरचा पट्टा, छताचा, खालच्या नर्व्हला सुरी लागू न देणं हेच तर सर्जनचं काम, आणि छत उघडलं की जागा होते. चित्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं, गावी भावाला दाखवायला. भूल पूर्ण द्यायची नाही, फक्त हात बधिर करतील असं सांगितल्यावर काकू म्हणाल्या, अर्धा तर आहेच, त्यांचं काम कमी.

ऑपरेशन गणपतीनंतर झालं, मोदकांच्या ऑर्डरी संपवूनच. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. अर्ध्या बोटाचा बधिरपणा हळूहळू टोकाकडे सरकत गेला. गादी अजून पूर्ण भरलेली नाही, त्याला महिने लागतात आणि इतकी उशिरा सोडवली की सगळी भरेलच असं मी कोणाला सांगत नाही. तळहाताच्या बुडाशी, टाक्यांच्या दोन्ही बाजूंना दाबलं की दुखतं, हे बऱ्याच जणांना काही महिने राहतं, त्यामुळे लाटणं सध्या जाऊबाईंकडे आणि काकू तव्यावर. ह्या दुखण्याला काय म्हणायचं असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं तुम्हीच सांगा काय होतं. म्हणाल्या, "मुंग्या नाहीत, करंट नाही, नुसतं हुळहुळतं." फाईलवर मी तसंच लिहिलंय, हुळहुळतं, आणि सर्जनना पण तसंच पाठवलंय.